उतरण्याची परवानगी

विमान धावपट्टीवर सुखरूप उतरवण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या नियमांनी दोन उत्तरे दिलेली आहेत आणि ती दोन्ही एकाच वेळी खरी आहेत. १९४४ च्या शिकागो करारातून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीतील दुसरे परिशिष्ट असे सांगते की सूत्रे प्रत्यक्ष हातात असोत वा नसोत, विमानाविषयीचा अंतिम अधिकार प्रमुख वैमानिकाचा आहे, आणि सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक ठरले तर नियम बाजूला ठेवण्याची मुभाही त्याला आहे. त्याच नियमावलीतील अकरावे परिशिष्ट मात्र विमानांची एकमेकांशी टक्कर होऊ न देणे, आणि विमानतळावर ये-जा करताना त्यांची कोणत्याही अडथळ्याशी गाठ पडू न देणे, हे हवाई वाहतूक सेवेचे आद्य उद्दिष्ट ठरवते. म्हणजे एकाच विमानाच्या एकाच उतरण्यासाठी, कॉकपिटमध्ये बसलेला एक माणूस आणि मनोऱ्यात किंवा रडारसमोर बसलेला दुसरा माणूस, असे दोघेजण कायद्याने बांधलेले असतात. सामान्य प्रवाशाला यात जबाबदारीची निम्मी-निम्मी वाटणी दिसते. अपघातांच्या चौकशी अहवालांतून दिसणारे चित्र निराळे आहे. दोघांपैकी कोणाचीही जबाबदारी अर्धी नसते. प्रत्येकाची पूर्ण असते, फक्त ती निरनिराळ्या माहितीवर उभी असते, आणि जिथे एकाची माहिती संपून दुसऱ्याची सुरू होते त्या सांध्यावर, समोरच्याने पाहिले असेलच असे दोघांनाही वाटले, की घात होतो.

हा सांधा नेमका कुठे असतो हे समजण्यासाठी मुंबईकडे येणाऱ्या एखाद्या विमानाची शेवटची वीस-पंचवीस मिनिटे पाहणे उपयोगी ठरेल. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, परंतु त्या एकमेकींना छेदत असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि एका धावपट्टीवर जगात सर्वाधिक वाहतूक पेलणाऱ्या मोजक्या विमानतळांत मुंबईची गणना होते. मुख्य धावपट्टीच्या पूर्व टोकाला २७ हा क्रमांक आहे, कारण त्या टोकाकडून उतरणाऱ्या विमानाचे नाक होकायंत्राच्या साधारण २७० अंशांवर, म्हणजे पश्चिमेकडे असते. तीच धावपट्टी समुद्राकडून वापरली की तिचा क्रमांक ०९ होतो. दूरच्या प्रवासात विमान क्षेत्र नियंत्रकाच्या ताब्यात असते. उतरायला लागल्यावर ते अ‍ॅप्रोच नियंत्रकाकडे सोपवले जाते, जो रडारवर पाहून प्रत्येक विमानाला दिशा, उंची आणि वेग सांगतो आणि चहूबाजूंनी येणाऱ्या विमानांची एकामागोमाग एक अशी रांग लावतो. धावपट्टीच्या सरळ रेषेत आल्यानंतर वैमानिक टॉवरची फ्रिक्वेन्सी लावतो, आणि चाके टेकून विमान धावपट्टीबाहेर वळले की जमिनीवरची हालचाल सांभाळणाऱ्या ग्राउंड नियंत्रकाशी त्याचे बोलणे सुरू होते. थोडक्यात, वैमानिक तोच राहतो आणि नियंत्रक बदलत जातात, आणि प्रत्येक बदलात काहीतरी सांगायचे राहून जाण्याची शक्यता असते.

या दोघांना काय ठाऊक असते आणि काय नसते, याची यादी मोठी उद्बोधक आहे. नियंत्रकाला आकाशातील इतर विमाने दिसतात, पुढचे विमान धावपट्टीवरून बाहेर पडले की नाही हे कळते, वाऱ्याची दिशा आणि वेग दाखवणारे यंत्र त्याच्यासमोर असते, आणि समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब, ज्यावर विमानातला उंचीमापक जुळवावा लागतो, तोही तोच सांगतो. पण टाक्यांत किती इंधन उरले आहे, विमानाचे वजन किती, ब्रेक कसे लागतात, पावसात काचेवरचा वायपर चालतो की नाही, वैमानिकाला धावपट्टीचे दिवे दिसले की नाही, यांपैकी काहीही त्याला आपण होऊन कळत नाही. वैमानिकाला हे सगळे ठाऊक असते, परंतु त्याच्यामागे किती अंतरावर कोणते विमान येत आहे आणि धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला कोण उभे आहे, हे त्याला नियंत्रकाकडूनच कळायचे असते. म्हणून ‘क्लिअर्ड टु लँड’ या तीन शब्दांचा अर्थ काटेकोरपणे घेतला पाहिजे. धावपट्टी या विमानासाठी मोकळी आहे किंवा ते पोचेपर्यंत मोकळी होईल, एवढेच नियंत्रक त्या शब्दांतून सांगतो. उतरणे सुरक्षित आहे, असे तो सांगत नाही. ते त्याला सांगता येण्यासारखेही नसते. विमान अस्थिर असेल, वेग जास्त असेल, धावपट्टी दिसत नसेल, तर परवानगी हातात असूनही न उतरता पुन्हा वर जाण्याचा, म्हणजे गो-अराउंड करण्याचा निर्णय वैमानिकाने घ्यायचा असतो, आणि त्यासाठी त्याने कोणाला विचारायचे नसते. उलट दिशेनेही तसेच आहे: विमान अगदी जमिनीजवळ आलेले असताना नियंत्रकाला धावपट्टीवर काही अडथळा दिसला, तर ‘गो अराउंड’ एवढे दोन शब्द उच्चारून तो आपणच दिलेली परवानगी रद्द करू शकतो.

बोलण्याची पद्धतही याच सांध्यासाठी घडवलेली आहे. नियंत्रकाने सांगितलेली उंची, दिशा, वेग, दाबाचा आकडा आणि धावपट्टीचा क्रमांक वैमानिकाने जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा असतो, त्याला रीडबॅक म्हणतात. आणि तो नीट ऐकून चूक असेल तर तिथल्या तिथे सुधारणे हे नियंत्रकाचे काम असते. ‘रॉजर’ म्हणजे ऐकले, ‘विल्को’ म्हणजे ऐकले आणि तसे करीन, ‘अनेबल’ म्हणजे जमणार नाही. भारतीय फ्रिक्वेन्सीवर वैमानिक आणि नियंत्रक एकमेकांना नमस्कार करतात तो सौजन्याचा भाग आहे, पण त्या नमस्कारापुढचे प्रत्येक अक्षर मोजलेले असते. गर्दीच्या तासाला चाळीसहून अधिक विमानांची ये-जा ज्या एका धावपट्टीवर होते, तिथे प्रत्येक उड्डाणाच्या वा उतरण्याच्या वाट्याला दीड मिनिटाहून कमी वेळ येतो, आणि एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकालाच बोलता येते.

जबाबदारीची सीमारेषा अस्पष्ट राहिली तर काय होते, याचे अभ्यासकांना आजही विचारात पाडणारे उदाहरण अमेरिकेतले आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ५१४ क्रमांकाचे बोइंग ७२७ विमान इंडियानापोलिसहून कोलंबसमार्गे वॉशिंग्टनला निघाले होते. शहराजवळच्या नॅशनल विमानतळावर वाऱ्यामुळे उतरता येईना, म्हणून ते डलस विमानतळाकडे वळवण्यात आले. विमानतळापासून सुमारे ४४ सागरी मैलांवर, ७,००० फुटांच्या उंचीवर असताना नियंत्रकाने त्याला धावपट्टी १२ कडे उतरण्याच्या पद्धतीने येण्याची परवानगी दिली, पण त्या परवानगीसोबत कोणत्या उंचीपर्यंत खाली यायचे याचे बंधन घातले नाही. कॉकपिटमधल्या नकाशावर राउंड हिल नावाच्या बिंदूपर्यंत ३,४०० फुटांची किमान उंची दाखवलेली होती आणि त्या बिंदूनंतर १,८०० फुटांची. प्रमुख वैमानिकाच्या नजरेला तो ३,४०० चा आकडा पडला होता. त्याविषयी सहकाऱ्यांशी त्याचे बोलणेही झाले. परंतु रडारवर आपल्याला पाहणाऱ्या नियंत्रकाने उंचीचे बंधन न घालता परवानगी दिली आहे, त्याअर्थी थेट १,८०० पर्यंत उतरायला हरकत नसावी, असा निष्कर्ष निघाला. मध्ये व्हर्जिनिया राज्यातला माउंट वेदर हा डोंगर होता. ढगांतून उतरणारे विमान सुमारे १,६७० फुटांवर त्याच्या पश्चिम उतारावर आदळले आणि विमानातील सर्व ९२ जण ठार झाले.

अपघातानंतर दोन्ही बाजूंनी मांडलेले म्हणणे एकेकटे वाचले तर पटण्यासारखेच आहे. नियंत्रकांची बाजू अशी होती की विमान रडारच्या दिशादर्शनाखाली अंतिम मार्गावर नव्हते, ते स्वतःच्या मार्गदर्शनाने येत होते, त्यामुळे जमिनीपासून अंतर राखणे वैमानिकाचे काम होते. वैमानिकांची बाजू अशी होती की रडारखाली असताना उंचीचे बंधन नियंत्रकाने घालायचे, हा रोजचा रिवाज होता, आणि ते घातले नाही याचा अर्थ वाट मोकळी आहे असाच होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अहवाल दिला तेव्हा मंडळाचेच सदस्य तीन विरुद्ध दोन असे विभागले गेले. बहुमताने अपघाताचे कारण वैमानिकांच्या लवकर खाली उतरण्याच्या निर्णयात शोधले, आणि नियंत्रणपद्धतीतील संदिग्धता ही त्याला हातभार लावणारी बाब ठरवली. अल्पमताच्या मते उंचीचे बंधन घालणे हे नियंत्रकाचे कर्तव्य होते. सुरक्षेच्या क्षेत्रातल्या सर्वांत अधिकारी संस्थेलाही एकमत करता आले नाही, ही गोष्ट दोषाच्या वाटपापेक्षा अधिक बोलकी आहे, कारण ज्या प्रश्नावर पाच तज्ज्ञ महिनोन्‌महिने अभ्यास करून एकत्र येऊ शकले नाहीत, त्याचे उत्तर ढगांत हेलकावे खाणाऱ्या तीन माणसांनी काही मिनिटांत बरोबर काढावे, अशी अपेक्षा त्या वेळची व्यवस्था करीत होती.

पुढे नियम बदलला. परवानगी मिळाली तरी विमान नकाशावर छापलेल्या मार्गाच्या एखाद्या टप्प्यावर स्थिरावेपर्यंत, शेवटी सांगितलेली उंची सोडायची नाही, असे बंधन वैमानिकांवर आले, आणि नियंत्रकांनीही तोपर्यंतची उंची स्पष्ट उच्चारायची, असे ठरले. आज आंतरराष्ट्रीय पद्धतीत, रडारवरून दिशा देणाऱ्या नियंत्रकाने विमान डोंगर-अडथळ्यांपासून पुरेसे उंच राहील अशीच उंची द्यायची असते. विमान स्वतःच्या मार्गाने येत असेल तेव्हा ती जबाबदारी वैमानिकाकडे जाते. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्रही मोठ्या विमानांना सक्तीचे झाले. पण या अपघाताचे सर्वांत दूरगामी फलित वेगळेच होते. सुमारे सहा आठवडे आधी, त्याच ठिकाणी, तशाच गैरसमजातून युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, पण ती माहिती दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांपर्यंत वा नियंत्रकांपर्यंत पोचण्याची वाटच तेव्हा नव्हती. ती वाट म्हणून १९७६ मध्ये वैमानिक आणि नियंत्रक या दोघांनाही आपल्या हातून झालेल्या चुका गोपनीयपणे कळवता येतील अशी योजना सुरू झाली, आणि शिक्षा करण्याचा अधिकार ज्या खात्याकडे आहे त्याच्या हाती ती न देता मुद्दाम नासा या अवकाश संस्थेकडे सोपवली गेली. कबुली आणि शिक्षा एकाच कचेरीत ठेवली तर कबुली यायची बंद होते, हे व्यवहारज्ञान त्यामागे होते.

सांध्याची दुसरी तऱ्हा म्हणजे वैमानिकाला ठाऊक असलेली गोष्ट नियंत्रकापर्यंत न पोचणे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेले आव्हियांका ५२ हे बोइंग ७०७ विमान खराब हवेमुळे तीन ठिकाणी मिळून सुमारे एक तास सतरा मिनिटे घिरट्या घालत राहिले. सहवैमानिकाने इंधन कमी असल्याचे सांगितले आणि अग्रक्रमही मागितला, पण आणीबाणी जाहीर करणारे ठरलेले शब्द त्याने एकदाही उच्चारले नाहीत. एका नियंत्रकाने ऐकलेले दुसऱ्याकडे सोपवताना पातळ होत गेले. गर्दीच्या रात्री प्रत्येकच विमानाला लवकर उतरायचे असते, त्यामुळे अग्रक्रम हा शब्द कानाला नेहमीचाच वाटला. उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून विमान पुन्हा वर चढले आणि इंजिने इंधनाअभावी बंद पडून लाँग आयलंडवर कोसळले. १५८ पैकी ७३ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत प्रमुख दोष वैमानिकांकडे गेला, पण किमान इंधनासाठी सर्वमान्य शब्दप्रयोगच नव्हता, ही त्रुटीही नोंदली गेली. आंतरराष्ट्रीय नियमांत ‘मिनिमम फ्युएल’ आणि ‘मेडे फ्युएल’ या दोन पायऱ्या स्पष्टपणे यायला २०१२ साल उजाडावे लागले.

भारताने याचा धडा दिल्लीजवळच्या आकाशात घेतला. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीला उतरण्यासाठी खाली येणारे कझाकस्तानचे विमान आणि दिल्लीहून वर चढणारे सौदी अरेबियाचे विमान हरयाणातील चरखी दादरीच्या वर एकमेकांवर आदळले आणि ३४९ माणसे गेली. आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन इतकी जीवितहानी आजवर दुसऱ्या कोणत्याही अपघातात झालेली नाही. उतरणाऱ्याला १५,००० फूट आणि चढणाऱ्याला १४,००० फूट अशी उंची दिली होती, समोरून विमान येत असल्याची सूचनाही नियंत्रकाने दिली होती, आणि न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत दोष नेमून दिलेल्या उंचीखाली उतरलेल्या विमानाकडे गेला. पण त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकासमोर असलेल्या प्राथमिक रडारवर विमानाचे ठिकाण दिसे, उंची दिसत नसे; वैमानिक सांगेल तीच उंची खरी मानण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. त्यानंतर विमानाची उंचीही दाखवणारे दुय्यम रडार आले, येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले, आणि टक्कर टाळण्याचा सल्ला देणारे यंत्र भारतात येणाऱ्या विमानांना सक्तीचे झाले. त्या यंत्राने मात्र तिसरा आवाज निर्माण केला. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील उबरलिंगेनच्या वर एका विमानाला यंत्र वर जा म्हणत होते आणि नियंत्रक खाली. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले, समोरच्या विमानाने यंत्राचे ऐकले, आणि ७१ जण गेले. यानंतर नियम असा स्पष्ट झाला की यंत्राचा सल्ला आला की वैमानिकाने तोच पाळायचा, तसे नियंत्रकाला सांगायचे, आणि त्या क्षणापासून त्या विमानापुरती अंतर राखण्याची नियंत्रकाची जबाबदारी थांबते. सीमारेषा इतक्या स्वच्छ अक्षरांत आखलेली उदाहरणे विमान वाहतुकीच्या नियमांत फार थोडी आहेत.

परवानगीचा अर्थ केवढा मर्यादित असतो, याचे अलीकडचे आणि मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण केरळातले आहे. ७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी, टाळेबंदीच्या काळात परदेशी अडकलेल्यांना परत आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेतील एअर इंडिया एक्सप्रेसचे १३४४ क्रमांकाचे विमान दुबईहून कोझिकोडला आले. विमानात १९० जण होते, आणि त्याचे प्रमुख वैमानिक होते हवाई दलातून निवृत्त झालेले, नागपूरशी घरचे नाते असलेले कॅप्टन दीपक साठे. कोझिकोडची धावपट्टी पठार सपाट करून बांधलेली आहे, म्हणजे तिच्या टोकाला दरी आहे. इंग्रजी नावानेच ओळखल्या जाणाऱ्या या टेबलटॉप प्रकाराची भीती मंगळूरच्या २०१० च्या अपघाताने देशाला दाखवलेलीच होती. पाऊस पडत होता. पहिला प्रयत्न धावपट्टी २८ वर झाला, तो सोडून विमान वर गेले. त्या प्रयत्नात प्रमुख वैमानिकासमोरच्या काचेवरचा वायपर बंद पडला होता. दरम्यान उड्डाण करू पाहणाऱ्या दुसऱ्या एका विमानाने विरुद्ध दिशेची धावपट्टी १० मागितली आणि नियंत्रकाने वापरातली धावपट्टी बदलली. मग साठे यांच्या विमानानेही १० वर उतरण्याचे ठरवले.

धावपट्टी तीच, दिशा उलटी, आणि त्यामुळे समोरून येणारा वारा आता पाठीमागून येणार. पाठीवरचा वारा विमानाचा जमिनीसापेक्ष वेग वाढवतो आणि थांबायला लागणारे अंतर लांबवतो, ओल्या पट्ट्यावर तर अधिकच. उतरण्याची परवानगी देताना मनोऱ्याने जमिनीवरचा वारा २५० अंशांवरून ८ नॉट असा सांगितला, जो सहन करण्याजोगा होता. प्रत्यक्षात विमानाला पाठीवरून सुमारे १४ नॉटचा वारा मिळाला. ८,८५८ फूट लांबीच्या धावपट्टीवर विमानाची चाके ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी पट्टी मागे टाकून टेकली. सहवैमानिकाने गो-अराउंडचा शब्द उच्चारला होता. विमान पट्टी ओलांडून खाली घसरले, त्याचे तुकडे झाले, आणि दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. विमान अपघात अन्वेषण विभागाच्या २०२१ मधील अहवालाने संभाव्य कारण म्हणून प्रमाण कार्यपद्धती न पाळता अस्थिर अवस्थेत उतरणे चालू ठेवल्याकडे, टेकण्याच्या नेमून दिलेल्या पट्ट्यापलीकडे उतरल्याकडे आणि सहवैमानिकाने सूत्रे हाती न घेतल्याकडे बोट दाखवले. परंतु त्याच अहवालात नियंत्रकाविषयीही नोंद आहे: ओल्या धावपट्टीवर पाठीवरच्या वाऱ्यात परत येणाऱ्या विमानावर काय परिणाम होईल याचा विचार न करता धावपट्टी घाईने बदलली गेली, आणि जोरदार वाऱ्याची जाणीव त्या विमानाला करून दिली गेली नाही.

वर्तमानपत्रांतून यापैकी पहिला भागच ठळकपणे आला, आणि ते स्वाभाविकही म्हणावे लागेल, कारण विमान अखेर वैमानिकाच्याच हातांत होते. तरीही दुसऱ्या नोंदीचे वजन कमी होत नाही. नियंत्रकाने नियम मोडला असे तिथे म्हटलेले नाही. धावपट्टी मोकळी होती, वारा सांगितला गेला, परवानगी दिली गेली. शब्दशः पाहिले तर त्याचे काम पूर्ण झाले. उणीव कसली राहिली, तर त्याला ठाऊक असलेल्या दोन गोष्टी, एक म्हणजे हे विमान पहिला प्रयत्न सोडून परत येत आहे आणि दुसरी म्हणजे वारा आता त्याच्या पाठीवर आहे, या एकत्र ठेवून कोणी मोठ्याने उच्चारल्या नाहीत. ओल्या धावपट्टीवर आपल्या विमानाला किती वारा चालतो हे ठाऊक असणे वैमानिकाचे काम. पण वारा वाढतो आहे हे पुन्हा एकदा सांगायला नियंत्रकाला पाच सेकंद पुरतात, आणि ‘त्यांना ठाऊक असेलच’ या विश्वासावर ती पाच सेकंदे वाचवली जातात.

प्रश्न विचारला आणि उत्तरही बरोबर मिळाले तरी धोका टळतोच असे नाही. ७ जुलै २०१७ च्या मध्यरात्रीच्या सुमारास टोरंटोहून सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्या एअर कॅनडा ७५९ या विमानाच्या वैमानिकांना समोर पट्ट्यावर दिवे दिसले. शेजारची दुसरी धावपट्टी त्या रात्री बंद आणि अंधारी होती, त्यामुळे नजरेचा हिशेब चुकला होता आणि विमान २८ उजवी या धावपट्टीऐवजी तिच्या शेजारच्या टॅक्सीवेकडे रोखलेले होते, जिथे उड्डाणाची वाट पाहत चार विमाने रांगेत उभी होती. त्यांनी मनोऱ्याला विचारले की पट्ट्यावर दिवे दिसतात, उतरण्याची परवानगी आहे ना. एकटाच कामावर असलेल्या नियंत्रकाने धावपट्टीकडे पाहून सांगितले की तिथे दुसरे कोणी नाही. उत्तर अक्षरशः खरे होते. फक्त वैमानिक ज्या पट्ट्याविषयी विचारत होते तो पट्टा आणि नियंत्रक ज्याविषयी बोलत होता तो पट्टा वेगळे होते. अनर्थ टळला तो रांगेत उभ्या असलेल्या एका विमानाच्या वैमानिकाने त्याच फ्रिक्वेन्सीवर हे विमान कुठे चालले आहे असे विचारल्यामुळे आणि उतरणाऱ्या वैमानिकांनाही काहीतरी बिनसल्याचे जाणवल्यामुळे. वर उचलले जाण्यापूर्वी ते जमिनीपासून जेमतेम ५९ फुटांवर आले होते. या प्रकाराला मुंबईकरांनी हसू नये. पश्चिमेकडून सांताक्रूझच्या ०९ धावपट्टीकडे येताना अलीकडेच लागणाऱ्या जुहूच्या छोट्या धावपट्टीवर २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ हे भले मोठे विमान चुकून उतरले होते आणि पट्टी अपुरी पडून पुढे गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यात या सांध्यांना एक वेगळा पदर आहे. मुंबईचा विमानतळ खासगी कंपनी चालवते, पण मनोऱ्यातले नियंत्रक केंद्र सरकारच्या भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे असतात आणि दोघांवर देखरेख नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची. पुण्याला लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे, त्यामुळे दिल्लीहून येणाऱ्या प्रवासी विमानाला उतरण्याची परवानगी देणारा आवाज गणवेशातल्या नियंत्रकाचा असतो आणि त्याच रांगेत लढाऊ विमानेही असतात. दाबोळीला हेच काम नौदल करते. मोपाचा नवा विमानतळ मात्र मुलकी नियंत्रणाखाली आहे. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या अखेरीस सुरू झाल्यापासून एकाच महानगराच्या वरच्या आकाशात दोन विमानतळांकडे येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या रांगा गुंफाव्या लागतात, म्हणजे एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे सोपवण्याचे प्रसंग आणखी वाढले आहेत.

८ जून २०२४ रोजी मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर तिरुवनंतपुरमला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणासाठी धावत असतानाच मागून इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान त्याच पट्ट्यावर उतरले. दृश्य कोणीतरी टिपले आणि ते घरोघरी पोचले. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या वैमानिकांनी नियंत्रकाच्या परवानगीनुसारच कृती केल्याचे सांगितले, महासंचालनालयाने चौकशी सुरू केली, आणि संबंधित नियंत्रकाला कामाच्या वेळापत्रकातून बाजूला करण्यात आले. पुढचे विमान पट्टा सोडून हवेत जाईल असा अंदाज बांधून मागच्याला परवानगी देणे ही रोजची रीत आहे, आणि तो अंदाज काही सेकंदांनी चुकला तर तो दुरुस्त करण्याची संधी दोन ठिकाणी असते: मनोऱ्यातल्या खिडकीत आणि उतरणाऱ्या विमानाच्या काचेत. त्या दिवशी दोन्हीकडून पट्टा दिसत होता. दोन्ही कंपन्यांचे म्हणणे खरे मानले तरी परवानगी होती एवढ्यावर वैमानिकाचा प्रश्न संपत नाही, आणि नियंत्रकाला बाजूला केले एवढ्यावर मनोऱ्याचा प्रश्न सुटत नाही, कारण त्याच धावपट्टीवर त्याच अंतराने विमाने लावण्याचे काम दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत बसलेल्या दुसऱ्या नियंत्रकाला करायचे होते.